माळ्यावरची दुर्बीण खाली काढताना

महाराष्ट्रात हौशी आकाशनिरीक्षणाच्या लाटा धूमकेतूंबरोबर आल्या. १९८६ ला हॅले, १९९४ ला गुरूवर आदळलेला शूमेकर-लेव्ही ९, १९९६-९७ ला ह्याकुताके आणि हेल-बॉप. त्या वर्षांत कित्येकांनी सहा इंची आरसे हाताने घासले, पीव्हीसीच्या नाहीतर पत्र्याच्या नळीत बसवले आणि गच्चीवर रात्री जागवल्या. पुढे नोकरी, बदल्या, मुलांच्या परीक्षा आल्या आणि दुर्बीण माळ्यावर गेली. ती पुन्हा खाली काढायचा विचार असेल तर निदान एक अमावास्या उलटेपर्यंत नवीन काहीही विकत घेऊ नका.

मधल्या काळात तीन गोष्टी बदलल्या आहेत: तुमचे डोळे, तुमचे यंत्र आणि आकाशाचा काळोख. यातली नेमकी कोणती गोष्ट आड येते आहे हे कळण्याआधी केलेली खरेदी बहुधा पुन्हा माळ्यावरच जाते. नक्षत्रांची ओळख मात्र फारशी बुजलेली नसते. मृग आणि सप्तर्षी सापडले की बाकीची आठवण आठ-दहा दिवसांत परत येते.

आधी डोळे

विशीत अंधारात डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटर उघडते. पन्नाशी-साठीत बऱ्याच जणांची ५ मिलिमीटरच्या आसपास थांबते. माणसागणिक फरक असतो. याचा थेट परिणाम जुन्या द्विनेत्रीवर (बायनॉक्युलरवर) होतो. ७×५० (सात पट वर्धन, ५० मिलिमीटरचे भिंग) द्विनेत्रीतून बाहेर पडणारा प्रकाशझोत ५० भागिले ७, म्हणजे ७ मिलिमीटरहून थोडा जास्त रुंद असतो. बाहुली पाचच उघडत असेल तर कडेचा प्रकाश बुबुळावर पडून वाया जातो आणि ५० चे भिंग ३५ च्या भिंगाएवढेच काम करते. १०×५० चा झोत बरोबर ५ मिलिमीटर असतो. त्यामुळे परतणाऱ्यासाठी १०×५० बरी. हात थरथरत असतील तर ती कॅमेऱ्याच्या तिपाईवर लावा, किंवा आरामखुर्चीत रेलून कोपरे खुर्चीच्या हातांवर टेकवा.

चष्म्याचा कागद काढून ‘सिलिंडर’चा रकाना बघा. तो रिकामा असेल तर चष्मा काढून ठेवा, दूरचा-जवळचा नंबर फोकसरने, म्हणजे आयपीस (डोळ्याजवळचे भिंग) आत-बाहेर सरकवणाऱ्या नळीने, भरून निघतो. सिलिंडरचा नंबर फोकसरने जात नाही. तो पाऊणच्या पुढे असेल तर कमी वर्धनाला ताऱ्याला शेपट्या फुटलेल्या दिसतात. जास्त वर्धनाला झोत बारीक होऊन डोळ्याच्या मधल्याच भागातून जातो, तेव्हा त्या गायब होतात. अशांनी कमी वर्धनाला चष्मा घालूनच बघावे आणि त्यासाठी डोळा १५ ते २० मिलिमीटर लांब ठेवता येईल असा आयपीस निवडावा. प्रोग्रेसिव्ह काच इथे कुचकामी आहे, कारण मान हलली की फोकस हलतो. फक्त लांबच्या नंबराचा साधा चष्मा वेगळा करून घ्या.

शेपट्या डोळ्यातल्या, आयपीसमधल्या की आरशातल्या, हे ओळखणे सोपे आहे. आधी डोके तिरके करा. शेपटी डोक्याबरोबर फिरली तर दोष डोळ्यात आहे. नाही फिरली तर आयपीस त्याच्या नळीत फिरवा. त्याबरोबर फिरली तर दोष आयपीसचा. दोन्ही वेळा जागची हलली नाही तर आरशाकडे वळा. एवढी परीक्षा न करता लोक आरसा पुन्हा घासायला काढतात.

दिव्यांभोवती वलये दिसू लागली असतील तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून मोतीबिंदू तपासून घ्या. आरशाच्या नव्या मुलाम्याने त्यात फरक पडणार नाही. डोळ्यासमोर अचानक नवे ठिपके किंवा चमक दिसू लागली तर मात्र दुर्बिणीचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

अंधाराला डोळे सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि मोबाइलचा एक पांढरा झोत ती सगळी मिनिटे पुसून टाकतो. ॲपमधला लाल रंगही बऱ्याचदा फार उजळ असतो. पडद्यावर लाल जिलेटीन कागदाच्या तीन-चार घड्या चिकटवल्या की काम होते.

दुर्बीण उतरवणे

हा भाग घाईने करू नका. पुढचे वर्णन घरी केलेल्या किंवा करवून घेतलेल्या सहा इंची, एफ/८ न्यूटोनियन (दोन आरशांच्या) दुर्बिणीचे आहे. तिचे नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा बनते तिथपर्यंतचे) आरशाच्या व्यासाच्या आठपट, म्हणजे साधारण १२०० मिलिमीटर असते. इकडे सर्वांत जास्त बनली तीच.

नळी आडवी ठेवा आणि दोन्ही तोंडांतून विजेरीने आत बघा. महाराष्ट्रातल्या माळ्यावर ठरलेले पाहुणे असतात: फोकसरच्या नळीत कुंभारीण माशीचे मातीचे घर, नळीत झुरळांची अंडी, आरशावर पालीची विष्ठा, प्लायवूडच्या बैठकीत वाळवी. मातीचे घर आतल्या आत फोडू नका, माती सरळ आरशावर पडते. आधी मुख्य आरसा त्याच्या बैठकीसकट बाहेर काढा. त्याआधी नळी आणि बैठक दोन्हींवर पेन्सिलीची खूण करा, म्हणजे तो त्याच स्थितीत परत बसेल. मग दुय्यम आरसा, म्हणजे प्रकाश फोकसरकडे वळवणारा छोटा तिरका आरसा, काढा. तो काढताना नळी आडवीच असू द्या, हातातून सुटला तरी मुख्य आरशाच्या जागेकडे घरंगळणार नाही.

आता आरशाचे निदान. नुसती धूळ बसली असेल तर धुऊ नका. धुळीने प्रतिमेत फारसा फरक पडत नाही, पुसण्याने पडतो. बुरशीचे जाळे, विष्ठेचे डाग किंवा चिकट थर असेल तरच धुवा.

धुण्यासाठी प्लास्टिकचा टब घ्या, तळाला जुना टॉवेल अंथरा, हातातल्या अंगठ्या आणि घड्याळ काढून ठेवा. आरसा तिरका धरून कोमट पाण्याच्या हलक्या धारेखाली तीन-चार मिनिटे धरा, सुटे कण इथेच गेले पाहिजेत. गरम पाणी नको, जाड काच एकदम तापली तर तडकू शकते. मग टबात दोन-तीन लिटर पाणी आणि भांडी घासायच्या सौम्य द्रवाचे तीन-चार थेंब घालून आरसा २० मिनिटे बुडवून ठेवा. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या शुद्ध कापसाचा बोळा पाण्याखालीच आरशावरून एकदा, एकाच दिशेने ओढा. दाब फक्त बोळ्याच्या स्वतःच्या वजनाचा. तो बोळा टाकून द्या आणि दुसरा घ्या. गोल घासू नका, डाग राहिला तर राहू द्या. शेवटी साध्या पाण्याने विसळून ऊर्ध्वपातित पाण्याची धार सोडा. हे टाळता येत नाही. पठारावरच्या बोअरचे पाणी इतके जड असते की वाळल्यावर आरशावर क्षारांचे पांढरे ठिपके उरतात आणि पुढच्या धुण्यातही ते जात नाहीत. आरसा भिंतीला जवळजवळ उभा टेकवून पंख्याशिवाय वाळवा. कडेला अडलेला थेंब टिश्यूच्या टोकाने नुसता टिपून घ्या.

वाळल्यावर आरशामागे दिवा धरून पुढून बघा. सुईच्या टोकाएवढी पाच-पंचवीस छिद्रे दिसली तर काही बिघडत नाही. ठिकठिकाणी मुलामा उडून काच उघडी पडली असेल, किंवा आरसा समोरूनच धुरकट दिसत असेल, तर ॲल्युमिनियमचा नवा मुलामा द्यावा लागेल. उघड्या ॲल्युमिनियमचा मुलामा दमट हवेत दहा वर्षे टिकला तरी पुष्कळ झाले. कोकणात त्याहून कमी धरा. मुलामा देणाऱ्याला तीन प्रश्न विचारा: जुना थर काढण्याचे काम यात धरले आहे का, वर सिलिकॉन मोनॉक्साइडचे संरक्षक आवरण मिळेल का, आणि दुय्यम आरसा त्याच खेपेत होईल का. दुय्यम आरशाचा विसर फार जणांना पडतो. प्रकाश दोन्ही आरशांवरून परततो, तेव्हा एक लख्ख आणि एक काळवंडलेला ठेवून अर्धाच फायदा होतो. पाठवताना पेटीत आरसा फक्त कडांवर धरला जाईल, पृष्ठभागाला काहीही टेकणार नाही, असे बसवा आणि मागच्या बाजूला नाव लिहा. घरी रसायने वापरून जुना थर काढायच्या फंदात पडू नका.

आरसा बैठकीत बसवताना तिन्ही पकडी सैल असल्या पाहिजेत. पकड आणि काच यांमधून वहीचा कागद सहज सरकला पाहिजे. पकडी आवळल्या तर काच किंचित वाकते आणि तेजस्वी तारा त्रिकोणी दिसतो. गंजलेल्या स्प्रिंगा बदला, कडक झालेला बुचाचा तुकडाही बदला. नळीच्या आत फळ्याला देतात तो काळा रंग द्या. फोकसरच्या समोरच्या भागावर रंगात बारीक लाकडाचा भुसा मिसळून लावा, तिथली चमक सर्वांत जास्त त्रास देते.

फोकसरमधले ग्रीस वीस वर्षांत मेणासारखे घट्ट झालेले असते. फोकसर नळीवरून काढून, आरशांपासून दूर, रॉकेलने किंवा व्हाइट पेट्रोलने धुवा (विस्तव जवळ नको), पूर्ण वाळवा आणि लिथियम ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. आता व्हर्नियर कॅलिपरने आतला व्यास मोजा. २४.५ मिलिमीटर असेल तर ते जुने जपानी माप आहे. आजचे बहुतेक आयपीस ३१.७५ मिलिमीटरचे, म्हणजे सव्वा इंची. जोडनळी मिळते, पण शक्य असेल तर फोकसरच बदला. त्यात एक खोच आहे. दुय्यम आरशापासून प्रतिमा बनण्याचे अंतर ठरलेले असते. नवा फोकसर जुन्यापेक्षा उंच असला तर आयपीस पूर्ण आत नेऊनही फोकस लागत नाही. उपाय म्हणजे मुख्य आरसा नळीत दोन-तीन सेंटिमीटर वर सरकवून बसवणे. कॅमेरा लावल्यावर फोकस न लागण्याचे कारणही बहुधा हेच असते.

डॉब (जमिनीवर ठेवून हाताने फिरवायची पेटीसारखी) बैठक असेल तर आडवी-उभी हालचाल तपासा. सनमायकावर टेफ्लॉनचे तीन तुकडे, तेही बरोबर पायांच्या डोक्यावर, ही मांडणी योग्य. हालचाल अडखळत सुरू होत असेल आणि मग एकदम पुढे जात असेल तर कुणीतरी टेफ्लॉनऐवजी नायलॉन लावले आहे, किंवा तुकडे फार मोठे आहेत. विषुववृत्तीय बैठक असेल तर तिचा ध्रुवाकडे रोखलेला अक्ष, म्हणजे ध्रुवअक्ष, आपल्या अक्षांशाएवढा उचलावा लागतो: पुण्यात सुमारे १८.५ अंश, नागपुरात २१, पणजीत १५.५. परदेशी बैठका बहुतेक ४०-५० अंशांच्या देशांसाठी आखलेल्या असतात. इकडे ध्रुवतारा इतका खाली असतो की प्रतिवजनाचा दांडा तिपाईच्या उत्तरेकडच्या पायावर आपटतो. तिपाई फिरवून दोन पायांमधली फट उत्तरेला आणा. तेवढ्याने भागले नाही तर डोके आणि तिपाई यांमध्ये खांबाचा तुकडा वाढवा.

आरसे जुळवणे

धुतलेली दुर्बीण जुळवल्याशिवाय आकाशाकडे वळवली की लोक म्हणतात, आरसा बिघडला. आरसा ठीक असतो, तो तिरका बसलेला असतो. हे काम दिवसा करा. साधने दोनच लागतात. पहिले, ३५ मिलिमीटर फिल्मची प्लास्टिकची डबी: ती सव्वा इंची फोकसरमध्ये चपखल बसते. तळ कापून काढा आणि झाकणाच्या बरोबर मध्यावर दोन मिलिमीटरचे भोक पाडा. अशा डब्या आता दुकानात दिसत नाहीत, पण दुर्बिणीच्याच जुन्या खोक्यात एखादी हमखास निघते. दुसरे, फाइलच्या कागदाच्या भोकाला लावतात ती गोल चिकटपट्टी. आरशाच्या व्यासाचा कागद कापून चार घड्या घाला, मध्य काढा आणि ती पट्टी आरशाच्या मध्यावर चिकटवा. मधला भाग दुय्यम आरशाच्या सावलीतच असतो, त्यामुळे प्रकाश वाया जात नाही.

१. डबी फोकसरमध्ये घालून भोकातून बघा. दुय्यम आरसा फोकसरच्या नळीत बरोबर मध्ये आणि गोल दिसला पाहिजे. पुढे-मागे असेल तर त्याचा मधला स्क्रू फिरवा.

२. दुय्यम आरशाचे तीन छोटे स्क्रू थोडे-थोडे फिरवून त्यात मुख्य आरसा पूर्ण दिसेल असे करा. तिन्ही पकडींची टोके सारखी दिसली पाहिजेत. एक सैल केल्याशिवाय दुसरा आवळू नका. आणि नळी आडवी ठेवा, पाना हातातून निसटला तर तो आरशावर पडता कामा नये.

३. आता मुख्य आरशामागचे स्क्रू. मध्यावरची चिकटपट्टी आणि डबीच्या भोकाचे प्रतिबिंब एकावर एक आले की झाले. इथे सोबतीला कुणी असेल तर काम पाच मिनिटांचे आहे.

जुळवणीसाठी मिळणाऱ्या स्वस्त लेसरवर आंधळा विश्वास ठेवू नका. तो फोकसरमध्ये घालून स्वतःभोवती फिरवा. आरशावरचा लाल ठिपका वर्तुळ काढत असेल तर लेसरच वाकडा आहे.

रात्री ताऱ्यावर खात्री करा. पुस्तकांत यासाठी ध्रुव सांगतात, कारण तो हलत नाही. आपल्याकडे तो क्षितिजाजवळच्या खवळलेल्या हवेत असतो, तेव्हा डोक्यावरचा दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाची श्रेणी, आकडा वाढला की तारा मंद) एखादा तारा घ्या. दीडशे-दोनशे पट वर्धनाला तो जरासा फोकसबाहेर न्या आणि मध्यावर ठेवा. कडी समकेंद्री दिसली तर जुळले. हे करण्याआधी दुर्बीण पाऊण ते एक तास बाहेर ठेवलेली असली पाहिजे. २५ मिलिमीटर जाडीचा आरसा हवेच्या तापमानाला यायला तेवढा वेळ घेतो, तोवर त्याच्यावरून उठणारी गरम हवाच दिसत राहते.

आयपीस, आणि एक गोष्ट फेकून देण्याची

एफ/८ ला महागडे आयपीस लागत नाहीत, ही या दुर्बिणीची मोठी सोय. साधे प्लोसल प्रकारचे पुरतात: ३२ मिलिमीटर (सुमारे ३७ पट, एक अंशाहून मोठे क्षेत्र), १२ मिलिमीटर (१०० पट) आणि ६ मिलिमीटर (२०० पट). लहान प्लोसलमध्ये डोळा काचेला जवळजवळ चिकटवावा लागतो, म्हणून ६ चा घेताना डोळा लांब ठेवता येणारा प्रकार घ्या. ह्युजेन्स आणि रॅम्सडेन प्रकारचे जुने आयपीस आठवण म्हणून ठेवा. फाइंडर (लक्ष्य शोधायची छोटी दुर्बीण) दिवसा, किमान एक किलोमीटरवरच्या मोबाइल टॉवरवर जुळवा.

जुन्या लहान दुर्बिणींबरोबर आयपीसच्या तोंडाला लावायची गडद काच येत असे, सूर्य बघण्यासाठी. ती हातोड्याने फोडून टाका. कुणाला देऊही नका. ती काच फोकसजवळ बसते, तिथे सूर्याची सगळी उष्णता एकवटलेली असते, आणि डोळा लावलेला असताना ती तडकू शकते. सूर्याचा फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावरच हवा, आणि दर वेळी लावण्याआधी तो दिव्यासमोर धरून छिद्रे तपासायची. त्या वेळी फाइंडरलाही झाकण घाला. काजळी धरलेली काच आणि एक्स-रेची फिल्म यांनाही रजा द्या.

काळोख कुठे गेला

पूर्वी शहरातले दिवे सोडियमचे, पिवळे होते. त्यांचा प्रकाश मोजक्याच तरंगलांबींत एकवटलेला असल्याने तेवढाच भाग अडवणारे फिल्टर बऱ्यापैकी उपयोगी पडत. आजचे पांढरे एलईडी सगळ्या वर्णपटात पसरतात, त्यामुळे तो जुना फिल्टर आता फारसे काही करत नाही. तेजोमेघांसाठी ओ-३ किंवा यूएचसी हे त्यांचा ठरावीक प्रकाशच आत सोडणारे फिल्टर अजून कामाचे आहेत. दीर्घिकांसाठी मात्र गाडीत घातलेल्या पेट्रोलहून चांगला फिल्टर नाही.

आकाश मोजायला उपकरण लागत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भाद्रपदांचा मोठा चौकोन डोक्यावर असताना त्याच्या आत नुसत्या डोळ्यांनी किती तारे दिसतात ते मोजा. एकही नाही, तर मर्यादा चौथ्या प्रतीच्या आसपास. चार-पाच दिसले तर पाचवी प्रत गाठली. मुंबई-पुण्यातल्या घरून शून्य आले तरी चंद्र, ग्रह, जोडतारे आणि रूपविकारी (तेज बदलणारे) तारे घरूनच बघता येतात. गच्चीचा सिमेंटचा स्लॅब मात्र दिवसभराची उष्णता रात्री उशिरापर्यंत सोडत राहतो, म्हणून गुरू-शनीचे बारकावे उत्तररात्री बघा, किंवा दुर्बीण मातीवर, गवतावर मांडा. शेजारच्या एसीच्या बाहेरच्या यंत्रावरून कधीही बघू नका.

अमावास्येच्या आगेमागे बाहेर पडायचे तर जागा दिवसा बघून ठेवा. दक्षिणेचे क्षितिज मोकळे हवे आणि मोठे शहर उत्तरेला असेल तर उत्तम. शेतमालकाची परवानगी घ्या. किल्ल्यावर किंवा वनक्षेत्रात रात्री थांबायचे तर वनविभागाचे नियम आधी विचारा. जुन्नर भागात उसाच्या कडेला एकट्याने मांडणी करू नका, बिबट्याचा वावर ही तिथली नेहमीची गोष्ट आहे. पायात बूट, आणि दर अर्ध्या तासाने खालची जमीन लाल विजेरीने बघणे. विदर्भातल्यांसाठी पेंच व्याघ्र प्रकल्प आहे. जानेवारी २०२४ मध्ये तो भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे काळोखे आकाश जपणारे उद्यान, ठरला.

एकट्याने सुरुवात जड वाटत असेल तर जुन्या संस्था आहेतच. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून चालू आहे, मुंबईचे खगोल मंडळ हॅलेच्या लाटेतले आहे. दुसऱ्याच्या दुर्बिणीतून एक रात्र बघितली की आपला आरसा कमी पडतो आहे की आपले आकाश, हे लगेच कळते.

पहिल्या चार रात्री

पहिल्या रात्री दुर्बीण नेऊ नका. खुर्ची, द्विनेत्री, वही. कृत्तिकांत किती तारे मोजता येतात, वसिष्ठाजवळची अरुंधती नुसत्या डोळ्यांना सुटी दिसते का, हे लिहून ठेवा. ती आजच्या डोळ्यांची नोंद.

दुसरी रात्र शुद्ध अष्टमी-नवमीची. अनेक जण पौर्णिमेला दुर्बीण लावतात आणि सपाट, डोळे दिपवणारा चंद्र बघून हिरमुसतात. नवमीच्या सुमारास प्रकाश आणि अंधाराच्या सीमेजवळ ‘सरळ भिंत’ सापडते, सुमारे ११० किलोमीटर लांबीची काळी रेघ. ती तुटक दिसत असेल तर हवा खवळलेली आहे किंवा आरसे अजून नीट जुळलेले नाहीत.

तिसऱ्या रात्री जोडतारे: हंसातला अल्बिरिओ, मग मृगाच्या तेजोमेघातला चौकडीचा समूह. स्थिर हवेत सहा इंचीतून चौघांच्या जोडीला पाचवा, कधी सहावाही निघतो. चौथी रात्र काळोख्या जागी. देवयानी दीर्घिका, ययातीतला जुळा तारकागुच्छ, व्याधाखालचा एम ४१ तारकागुच्छ. एका रात्रीत सहा-सात लक्ष्यांहून जास्त ठेवू नका, यादी संपवायच्या नादात बघणे राहून जाते.

आणि दक्षिण विसरू नका. युरोप-अमेरिकेच्या याद्या चाळून लोक उत्तरेकडेच फिरत राहतात. नरतुरंगातला ओमेगा हा गोलाकार तारकागुच्छ पुण्याहून २४ अंश उंच येतो, सावंतवाडीहून आणखी वर. मेच्या उत्तरार्धात रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास तो दक्षिणेला सर्वांत उंच असतो, आणि साध्या द्विनेत्रीतही धुरकट चेंडू म्हणून सापडतो.

ग्रहांबद्दल जुन्या अपेक्षा तपासून घ्या. २००३ चा मंगळ २५ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) होता; १९ फेब्रुवारी २०२७ च्या प्रतियुतीला (सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येतो तेव्हा) तो १४ च्या आतच राहील. शनीची कडी मार्च २०२५ मध्ये कडेवर आली होती. ती आता हळूहळू उघडत २०३२ च्या सुमारास पुन्हा पूर्ण रुंद दिसतील. गुरूचा तांबडा डागही आक्रसला आहे: १९७९ मध्ये व्हॉयेजर यानाने पाहिला तेव्हा सुमारे २३ हजार किलोमीटर, २०१४ च्या हबल अवकाश दुर्बिणीच्या मोजणीत साडेसोळा हजार. तो चटकन दिसला नाही तर लगेच आयपीसला दोष देऊ नका.

जुना नकाशा, नवे ॲप

१९५० च्या स्थानांवरचा नकाशा अजून वापरता येतो. परांचन गतीमुळे (पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डोलत असल्याने) वर्षाला सुमारे ५० विकलांचा फरक पडतो, म्हणजे तेव्हापासून आजवर सुमारे एक अंश. ताऱ्यावरून ताऱ्यावर उड्या मारत लक्ष्य शोधताना हा फरक जाणवत नाही, कारण नकाशातले सगळे तारे बरोबरच सरकलेले असतात. पण तेच जुने आकडे संगणकी बैठकीत भरले तर लक्ष्य आयपीसच्या बाहेर राहते. आकाश दाखवणारे स्टेलॅरियम मोफत आहे आणि नियोजनाला उत्तम. मात्र घरी बसून यादी करा, कागदावर काढा आणि दुर्बिणीपाशी मोबाइल खिशात ठेवा.

जुनी दुर्बीण खरोखरच गेली असेल तर आठ इंची डॉब घ्या, पण आधी जिना मोजा. ती वीस किलोच्या पुढे जाते आणि लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावरून दर आठवड्याला उतरवली जात नाही. ५० मिलिमीटरच्या स्वयंचलित ‘स्मार्ट’ दुर्बिणी शहरातूनही तेजोमेघांची चित्रे काढतात, हे खरे. त्यांना डोळा लावायचा नसतो, चित्र पडद्यावर येते. ज्याला चित्र हवे त्याने घ्यावी. ज्याला त्या आयपीसकडेच परत यायचे आहे, त्याची भूक तिने भागणार नाही.

एक काम धरा

पहिली दोन-तीन महिन्यांची ओढ संपली की परत माळ्याची वाट दिसते. ती टाळायला एखादे चालू काम हाती हवे. त्यात रूपविकारी तारे सर्वांत सोयीचे, कारण ते शहरातून जमते. सुरुवात ययातीतल्या अल्गोलने करा. २.८७ दिवसांनी तो २.१ वरून ३.४ प्रतीपर्यंत मंदावतो, आणि अंदाज नुसत्या डोळ्यांनी करता येतो: शेजारच्या एका तेजस्वी आणि एका मंद ताऱ्याच्या मध्ये तो कुठे बसतो ते दशांशात लिहायचे. मग उत्तर मुकुटातला ‘टी’. एरवी दहाव्या प्रतीचा हा तारा १८६६ आणि १९४६ मध्ये भडकून दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीपर्यंत गेला होता. शांत असताना तो सहा इंचीतून उपनगरातूनही दिसतो. नोंदी १९११ साली स्थापन झालेल्या अमेरिकन संघटनेकडे, म्हणजे एएव्हीएसओकडे, पाठवता येतात. वेळ जागतिक लिहा, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. जुन्या वहीतल्या नोंदी सापडल्या आणि त्यांत तुलनेचे तारे लिहिलेले असतील तर त्याही फेकू नका.

मेअखेरीला आवराआवर करा. आयपीस आणि द्विनेत्री हवाबंद डब्यात, सिलिका जेलबरोबर. मणी रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर भाजून पुन्हा वापरा. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा, म्हणजे बुरशी धरत नाही. चामड्याची आणि कापडी पाकिटे काढून टाका, बुरशी तिथूनच सुरू होते. लाल ठिपक्याच्या फाइंडरमधली सीआर २०३२ बॅटरी काढा. नळीच्या दोन्ही तोंडांना झाकणे, फोकसरच्या तोंडालाही बूच, नाहीतर कुंभारीण परत येते. आणि दुर्बीण माळ्यावर टाकण्याऐवजी आतल्या खोलीत उभी ठेवा. जुलै-ऑगस्टमध्येही एखादी रात्र धुऊन निघाल्यासारखी मोकळी होते, तेव्हा ती दहा मिनिटांत बाहेर काढता आली पाहिजे.